केतकी मुंगसीण आणि सुरक्षित बेट

बाळांनो, नीट बसा. हात पुसा. आणि मधे मधे ‘पुढे काय झालं’ म्हणू नका. पुढे काय होईल याची काळजी करायला घरात एक आई असते. तिचं काम तिला करू द्या.

तर एका जंगलात, जिथे प्रत्येक झाडाखाली कुणी ना कुणी कुणाला तरी सल्ला देत बसलेलं असायचं, एक मुंगसीण राहत होती. तिचं नाव केतकी. केतकी शिकलेली होती. म्हणजे काळजी करायला तिच्याकडे जास्त विषय होते.

न शिकलेली मुंगसीण फक्त सापाची काळजी करते. केतकी सापाची करायची, ओढ्याच्या पाण्यातल्या जंतूंची करायची, पिल्लाच्या वजनाची करायची. शिवाय आपण सारखी वजनाची काळजी करतो त्याचा पिल्लाच्या मनावर काय परिणाम होत असेल, याचीही वेगळी काळजी करायची.

पिल्लाचं नाव बिट्टी. बिट्टीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती माती खायची आणि मजेत असायची.

एके दिवशी निरंजन, म्हणजे केतकीचा नवरा, शेपूट फुलवून घरी आला.

“केतकी, नोकरी लागली! परदेशात!”

“परदेशात म्हणजे ओढ्याच्या पलीकडे?”

“अगं, कॅरिबियन बेटावर! तिथे उसाचे मळे आहेत. उंदीर ऊस खातात. कंपनीला अनुभवी मुंगूस पाहिजे. राहायला बीळ देतात. बिळातून समुद्र दिसतो.”

“समुद्र किती लांब आहे?”

“बेट आहे ते. सगळीकडून जवळच.”

“म्हणजे पिल्लाला बुडायला सगळीकडून सोय,” केतकी म्हणाली.

निरंजनची शेपूट खाली बसली. नवऱ्याची शेपूट फुलली की बायकोला आधी प्रश्न सुचतात आणि अभिनंदन नंतर, असं पुष्कळ घरांत होतं. केतकीलाही ते कळलं. ती लगेच म्हणाली, “म्हणजे, छानच झालं रे. पण तिथे धोका कशाचा आहे ते विचारलंस का?”

“नाही.”

“पगार विचारलास?”

“पगार पोटभर उंदीर.”

“आणि उंदीर नसले तर?”

“उंदीर नसतील तर मला बोलावतील कशाला?” निरंजन म्हणाला. आणि मुलांनो, हे बोलणं इतकं बिनचूक वाटत होतं की त्यावर कुणी पुढे विचारच केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी सासूबाईंच्या कानावर गेली. त्या उन्हात पाठ शेकत बसल्या होत्या.

“तिकडे साप आहेत का गं?” त्यांनी विचारलं.

“विषारी नाहीत म्हणतात, आई.” केतकीला वाटलं, निदान या एका गोष्टीवर त्या खूश होतील.

सासूबाईंचा चेहरा पडला. “विषारी साप नाहीत? मग पोर मोठी होऊन करणार काय?”

त्याचं असं होतं. त्या जंगलात प्रत्येक मुंगसाचं पिल्लू दुपारी नागसरांच्या क्लासला जायचं. नागसर खरोखरीचे नाग होते. आता म्हातारे झाले होते, पण शिकवणी जोरात चालायची. पिल्लांनी त्यांच्यावर झेप घ्यायची, त्यांनी फणा मारायचा, आणि चुकला त्याला बाजूला काढून ठेवायचं. बाजूला काढून ठेवलेल्यांच्या आया फार बोलायच्या नाहीत. वर्ग नामांकित होता. प्रवेश मिळायची मारामार होती.

“बिट्टीचा नंबर लागलाय पुढच्या तुकडीत,” सासूबाई म्हणाल्या. “इतकं चांगलं सोडून पोरीला कुठल्या वाळूत नेऊन टाकतेस? तिथे तिला काही चावणारसुद्धा नाही.”

केतकीला वाटलं, खरंच. आपण पोरीचं नुकसान तर करत नाही ना? आणि लगेच वाटलं, आपण असा विचार करतोय म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे ना?

केतकीला प्रत्येक गोष्टीवर दोनदा वाटायचं. एकदा गोष्टीबद्दल, एकदा स्वतःबद्दल.

मग तिनं ठरवलं की जाणकारांना विचारायचं.

जंगलात बगळेसर नावाचे एक स्थलांतर-सल्लागार होते. ते तळ्याच्या काठी एका पायावर उभे राहून सल्ला द्यायचे. फी म्हणून मासा घ्यायचे. मासा आधी, सल्ला नंतर.

“सर, ते बेट सुरक्षित आहे का?”

बगळेसरांनी मासा गिळला. डोळे मिटले. “सुरक्षितता मोजावी लागते,” ते म्हणाले. “माझी स्वतःची पद्धत आहे. मी कुठेही उतरलो की एका पायावर उभा राहतो. जिथे दुसरा पाय टेकवावासा वाटला, ती जागा सुरक्षित.”

“आणि त्या बेटावर टेकवावासा वाटला?”

“त्या बेटावर मी उतरलो नाही. वरून गेलो. वरून फारच सुरक्षित दिसतं.”

“वादळं येतात म्हणे तिथे?”

“येतात. पण त्यांना नावं ठेवलेली असतात.”

“नावानं काय होतं?”

“नाव असलं की लोक विश्वासानं पळतात,” बगळेसर म्हणाले आणि दुसऱ्या माशाकडे पाहू लागले.

केतकी परत आली ती आणखी गोंधळून. म्हणून संध्याकाळी ती कट्ट्यावर गेली. मोठ्या करंजाखाली जंगलातल्या सगळ्या आया जमायच्या. त्याला आईकट्टा म्हणत. तिथे कुठल्याही प्रश्नाला उत्तर मिळायचं, प्रश्न पूर्ण विचारायच्या आतच.

“बेटावर? नको गं बाई,” साळूताई म्हणाल्या. त्या साळींदर होत्या, आणि त्यांचं मत कायम टोकाचं असे. “माझ्या नणंदेच्या जावेचा भाऊ गेला होता तिकडे. परत आलाच नाही.”

“अगं बाई! काय झालं त्याला?”

“काही नाही. आवडलं त्याला.”

“तिथे दवाखाना किती लांब?” खारीनं विचारलं.

“भाजीपाला मिळतो का आपला?”

“माणसं कशी आहेत तिथली?” ससेवहिनींनी विचारलं. त्या स्वभावानं अगदी मऊ. “म्हणजे आपल्यात मिळूनमिसळून घेतील ना? नाहीतर एकटं पडायला होतं गं. इथे कसं, सगळे एकमेकांना...”

इतक्यात करंजावरून एक पिवळी सावली खाली आली, आणि ससेवहिनी नव्हत्या.

तो बिबट्या होता. जंगलात त्याला ठिपकेदादा म्हणायचे. नाव घ्यायचं नाही, आणि घेतलंच तर आदरानं घ्यायचं, अशी पद्धत होती.

सगळ्या क्षणभर गप्प झाल्या. साळूताईंनी ससेवहिनींची राहिलेली गाजरं एका बाजूला सारली.

“हं,” खार म्हणाली, “तर तुम्ही काय म्हणत होतात, केतकी? तिथे वादळं येतात?”

“हो... पण आत्ता इथे...”

“ते चालायचंच. दादा काय, आपल्यातलेच आहेत. कुणाला न्यायचं, कधी न्यायचं, काही एक धरबंध असतो त्यांना. वादळाचं तसं आहे का? ते कुणाचं कोण!”

“आणि वणवा?” केतकीनं विचारलं. “दर उन्हाळ्यात डोंगर पेटतो.”

“डोंगर आपलाच आहे ना?”

“ओढ्याला पूर येतो.”

“ओढाही आपलाच,” साळूताई ठामपणे म्हणाल्या. “हे बघ, मी स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. पदरी लहान लेकरू असताना अनोळखी ठिकाणी जाणं म्हणजे जीवाशी खेळ. लेकराचा आधी विचार करावा आईनं.”

केतकी घरी आली. तिनं लेकराचा विचार केला. दुसरं ती काय करत होती इतके दिवस?

निरंजन म्हणाला, “तू म्हणशील तसं करू. तू म्हणालीस तर जाऊ, नको म्हणालीस तर राहू.” नवरे हे फार उदारपणे म्हणतात. म्हणजे पुढे जे होईल ते बायकोनं म्हटलेलं असतं.

दोन्ही बाजूंनी विचार करून केतकीचं डोकं दुखायला लागलं. तिथे समुद्र, इथे पूर. तिथे वादळ, इथे वणवा. तिथे विषारी साप नाहीत, इथे सापाच्या क्लासला नंबर लागलाय. कधी तिला वाटे, जावं. कधी वाटे, आपण धाडसी आहोत असं दाखवण्यासाठी तर आपल्याला जावंसं वाटत नाही ना? मग तिला आपण मुळीच धाडसी नाही हे आठवे आणि जरा बरं वाटे.

असं करता करता एका दुपारी ती बिट्टीला शोधत मैदानात गेली. पिल्लं खेळत होती. एक पिल्लू झाडावर चढलं होतं, बाकीची खाली गोल करून गप्पा मारत होती. वरचं पिल्लू उडी मारून एकाला ओढून झुडपात न्यायचं. उरलेली पिल्लं क्षणभर गप्प बसायची आणि पुन्हा गप्पा मारायला लागायची. जो गप्प बसायचं विसरेल किंवा जास्त वेळ गप्प बसेल, तो बाद.

ससेवहिनींचं पिल्लूही खेळत होतं. त्याला आज सगळ्यांनी सूट दिली होती. त्याच्यावर राज्य येणार नव्हतं.

“बिट्टी, हा कसला खेळ?” केतकीनं विचारलं.

“दादा-दादा, आई. सोपा आहे. फक्त ज्याला नेलं त्याचं नाव परत घ्यायचं नाही. घेतलं की आपल्यावर राज्य.” बिट्टीनं सांगितलं आणि ती खुशीत गोलात जाऊन बसली. खेळात ती फार चांगली होती. एकदाही चुकत नव्हती.

केतकी तिथेच उभी राहिली. आपली पोर एवढ्या लहान वयात इतकं छान गप्प बसायला शिकली, हे तिनं पाहिलं.

ती घरी गेली आणि निरंजनला म्हणाली, “निघायचं.”

“नक्की?”

“नक्की विचारू नकोस. नक्की विचारलंस तर मी पुन्हा विचार करीन.”

सासूबाई रडल्या. साळूताईंनी निरोप देताना मिठी मारली, म्हणून केतकी थोडी जखमी होऊन बोटीत चढली. गुळाच्या रिकाम्या पिंपात बसून तिघं समुद्र ओलांडून गेले. बिट्टीला बोट लागली. निरंजनलाही लागली. केतकीला लागली नाही, कारण तिला उलटी करायला उसंत नव्हती. ती दोघांकडे बघत होती.

आणि मुलांनो, ते बेट कसं होतं म्हणून विचाराल तर ते चित्रात काढतात तसंच होतं. वाळू पांढरी, पाणी निळं. वाऱ्याला उसाच्या रसाचा वास. केतकीला ते बघून धस्स झालं. इतकं चांगलं काही असलं की त्यात काहीतरी लपलेलं असणार, अशी तिची खात्री होती.

तिच्या बिळाशेजारी एक बाई राहायच्या. अंगावर हिरवट खवले, पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली सैल पदर लोंबावा तशी कातडी. आपल्या घोरपडीची श्रीमंत मावसबहीण म्हणावी अशा. त्यांना तिकडे इग्वाना म्हणतात. नाव इसाबेल. सगळी जनावरं एकच भाषा बोलतात, गोष्टींचं हे एक बरं असतं.

इसाबेल सकाळपासून दगडावर ऊन खात पडून असायच्या. केतकीनं पहिल्याच दिवशी त्यांना गाठलं.

“मी नवीन आले इथे. जरा विचारायचं होतं. इथे धोका कशाचा?”

इसाबेलनी बराच विचार केला. “नारळ पडतो कधीकधी.”

“आणखी?”

“वादळ येतं. पण समुद्र आधी वेगळा वास सोडतो. मग आम्ही डोंगरावर जातो.”

“आणि खाणारं कुणी?”

“काय खाणारं?”

“तुम्हाला.”

इसाबेलनी एक डोळा उघडला. “आम्हाला कोण कशाला खाईल?”

केतकीला त्यांची दया आली. किती भोळी बाई ही! हिला जगाची काही कल्पनाच नाही. तिनं इसाबेलना ठिपकेदादांबद्दल सांगितलं, वणव्याबद्दल सांगितलं. इसाबेल दोन्ही डोळे उघडून ऐकत राहिल्या.

“आणि तुम्ही तिथे राहत होतात?” त्यांनी विचारलं. “लेकरू घेऊन?”

“आपलं गाव म्हटल्यावर...” केतकी म्हणाली.

जरा वेळानं तिचं लक्ष वाळूकडे गेलं. वाळूत थोडंसं उकरलेलं दिसत होतं आणि आत पांढरी अंडी होती. बाजूला कुणी नाही. राखण नाही.

“ही कुणाची?”

“काही माझी, काही शेजारच्या पाखरांची. आपापली निघतील ती वेळ झाली की.”

“अहो, अशी उघड्यावर टाकता? काही आडोसा करा. दगड ठेवा. कुणाचा काय भरवसा?”

इसाबेल हसल्या. त्यांच्या गळ्याचा पदर हलला. “आमच्याकडे सगळे अशीच ठेवतात, बाई.”

त्या दिवशी केतकी घरी येऊन निरंजनला म्हणाली, “जागा चांगली आहे. पण इथल्या आया फार बेफिकीर आहेत रे.”

आता निरंजनच्या नोकरीचं सांगते. कंपनी एका गलेलठ्ठ डुकराची होती. त्यांना वराहसाहेब म्हणत. ते शिस्तीचे होते. मुंगसानं सकाळी सूर्य उगवला की मळ्यात हजर व्हायचं आणि सूर्य मावळला की घरी जायचं. निरंजनला ते सोयीचंच होतं. मुंगूस दिवसाच काम करतं. अंधार पडला की त्याचे डोळे मिटतात. ते पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलंय.

पण मळ्यातले उंदीर रात्री काम करायचे. तेही पिढ्यान्‌पिढ्या तसंच.

त्यामुळे झालं असं की निरंजन आणि उंदीर यांची कधी गाठच पडली नाही. निरंजन सकाळी यायचा तेव्हा उंदीर पोटभर ऊस खाऊन झोपायला गेलेले असायचे. उंदीर उठायचे तेव्हा निरंजन घरी गेलेला असायचा. एकमेकांबद्दल त्यांना कुतूहल होतं, पण ओळख होण्याचा योग आला नाही.

“मळ्यात उंदीर आहे का?” वराहसाहेब दुपारी फेरी मारताना विचारायचे.

“एकही नाही, साहेब,” निरंजन खरं तेच सांगायचा.

“शाबास!” साहेब म्हणायचे. त्यांनी निरंजनचं काम इतकं वाखाणलं की आणखी मुंगसं मागवली. ऊस मात्र कमीच होत गेला. साहेबांच्या मते तो वाऱ्यानं कमी होत होता.

कौतुक पुष्कळ झालं, पण पगार उंदरांच्या रूपात ठरला होता. पहिले काही दिवस निरंजन टोळ खाऊन आला. मग एका संध्याकाळी तो मिशा पुसत आला आणि त्यानं केतकीपुढे दोन अंडी ठेवली.

“कुठून आणलीस?”

“वाळूत पडली होती.”

“कुणाची तरी असतील ना?”

“जवळ कुणी नव्हतं. विचारणार कुणाला?”

केतकी अंड्यांकडे पाहत राहिली. मग तिनं बिट्टीकडे पाहिलं. बिट्टीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. वाढतं वय. प्रथिनं मिळायला हवीत. टोळात काय असतं?

“आजच्या दिवस,” ती म्हणाली. “उद्यापासून उंदीर.”

उद्या उंदीर नव्हते. परवाही नव्हते. हळूहळू केतकी ‘कुठून आणलीस’ हे विचारायची बंद झाली. प्रश्न विचारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण एक प्रश्न कमी झाला तर कुणाच्या लक्षात येतं?

बिट्टी गुबगुबीत झाली. तिच्या शेपटीला झळाळी आली. केतकीला मनातून फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं, आपण योग्य केलं. पोर सुरक्षित आहे. इथे वरून उडी मारणारं कुणी नाही.

आणि मग बेटावर काहीतरी बिनसलं.

आधी वाळूवरची पाखरं दिसेनाशी झाली. मग सरडे दगडांवर ऊन खायला येईनात. संध्याकाळ व्हायच्या आत आया पिल्लांना हाका मारून घरात घ्यायला लागल्या. जे बीळ कधी झाकलेलं नव्हतं त्याच्या तोंडाशी दगड आले. केतकी समोरून गेली की बोलणारे गप्प व्हायचे. क्षणभरच. मग पुन्हा हवापाण्याचं बोलायचे.

केतकीच्या पाठीवरचे केस उभे राहिले. तिला हे सगळं ओळखू येत होतं.

“निरंजन, इथे काहीतरी आहे,” ती म्हणाली. “मी म्हणत नव्हते? कुणीतरी हिंडतंय. नक्की.”

“वादळ येत असेल.”

“वादळाबद्दल कुणी दबक्या आवाजात बोलत नाही. उद्यापासून बिट्टीला एकटं सोडायचं नाही.”

तिनं बिट्टीला घरात कोंडलं. बिळाच्या तोंडाशी दगड लावला. बिट्टी आतून म्हणाली, “आई, मला खेळायचंय.” केतकी म्हणाली, “बाहेर धोका आहे, सोन्या.” आणि ती स्वतः धीर करून इसाबेलकडे गेली.

इसाबेल दगडावर होत्या, पण डोळे उघडे होते. त्यांनी आपली शेपूट अंगाभोवती घेतली होती.

“इसाबेलबाई, तुमच्या कानावर आलं का? इथे काहीतरी फिरतंय म्हणतात.”

“आलंय.”

“काय आहे? तुम्ही पाहिलंय?”

“पाहिलंय. फार मोठं नाही.”

“बाई गं! दिसतं कसं?”

“अंग राखाडी. डोळे तांबूस. शेपूट झुपकेदार.” इसाबेल संथपणे म्हणाल्या. “बोटीतून आलं. स्वभावानं वाईट नाही म्हणतात. पोरासोरांची काळजी असते त्याला.”

केतकी ऐकत होती. मान हलवत होती. मग तिची मान हलायची थांबली.

वारा आला. उसाचा वास आला. इसाबेल कुठेच बघत नव्हत्या, हे त्यांचे उपकारच म्हणायचे.

“ती अंडी,” केतकी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “तुमची होती?”

“काही माझी होती. काही पाखरांची.”

“मला माहीत नव्हतं.”

“हो ना,” इसाबेल म्हणाल्या. “तुम्हीच तर मला सांगितलं होतं, अशी उघड्यावर ठेवू नका म्हणून. मी हसले. माझंच चुकलं.”

इसाबेल आपल्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं केतकीला वाटलं. निदान समजूत घालता आली असती.

“आम्ही निघालोय,” इसाबेल म्हणाल्या. “पलीकडे एक बेट आहे, लहानसं. नुसता खडक आणि थोडी झुडपं. पाणी खारट आहे, दवाखाना नाही, वादळ आलं तर चढायला डोंगर नाही. पण पिल्लं आहेत. जी राहिलीत ती.”

“एवढं सगळं आहे आणि तरी जाताय? नीट चौकशी केलीत ना?” केतकीच्या तोंडून गेलं. सवयच होती तिला.

“एकच विचारलं,” इसाबेल म्हणाल्या. “तिथे मुंगसं आहेत का? नाहीत म्हणाले. मग दुसरं काही विचारायची गरज वाटली नाही.”

त्या दगडावरून उतरल्या आणि सावकाश पाण्याकडे गेल्या. त्यांच्यामागून त्यांची थोडी पिल्लं गेली. त्यातलं एक मागे वळून केतकीकडे बघत होतं. इसाबेलनी त्याला शेपटीनं पुढे ढकललं.

केतकी घरी आली. तिनं बिळाच्या तोंडाचा दगड बाजूला काढला. बिट्टी बाहेर आली आणि वाळूत लोळू लागली.

“गेला का धोका, आई?”

“नाही,” केतकी म्हणाली. “पण तुला काही होणार नाही.”

निरंजन आल्यावर ती त्याला म्हणाली, “आजपासून या घरात अंडं आणायचं नाही.”

“मग खायचं काय?”

“टोळ.”

“टोळही संपलेत गं,” निरंजन म्हणाला. तो बिचारा खरंच दमला होता. दिवसभर उंदीर नसलेल्या मळ्यात उंदीर शोधणं सोपं नसतं. “इथे आता काय उरलंय? बरं, ते जाऊ दे. बातमी ऐक. साहेबांनी मला बढती दिली! माझं काम पाहून ते पलीकडच्या बेटावरही नवीन मळा काढतायत. सगळी जबाबदारी माझी. लहानसं बेट आहे. खडक आणि थोडी झुडपं.”

त्याची शेपूट फुलली होती. केतकीनं त्या शेपटीकडे पाहिलं.

तिला नको म्हणायचं होतं. नको हा शब्द तिच्या जिभेवर आलाही होता. मग तिनं बिट्टीकडे पाहिलं. बिट्टी वाळू उकरत होती, पुन्हा पुन्हा, दुसऱ्या ठिकाणी, तिसऱ्या ठिकाणी. तिला काहीच सापडत नव्हतं. ती आईकडे बघून म्हणाली, “आई, भूक.”

आईचा जीव तो. त्याला बिट्टीची भूक तेवढी ऐकू येते.

केतकीनं बिट्टीच्या अंगावरची वाळू झटकली. मग तिनं खालच्या आवाजात विचारलं, “तिथे पाणी कसं आहे?”

“जरा खारट आहे. होईल सोय.”

“दवाखाना?”

“नाही.”

“वादळ आलं तर चढायला काही?”

“नाही गं. पण कंपनी बघेल.”

केतकीनं आणखी पुष्कळ विचारलं. ऊन कितपत असतं, रस्ता कसा आहे, पोरांना खेळायला जागा आहे का. निरंजन उत्तरं देत गेला. तिनं प्रत्येक उत्तरावर दोनदा काळजी केली.

एक प्रश्न तिनं विचारला नाही. त्याचं उत्तर तिला माहीत होतं.

तिथे मुंगसं नव्हती. अजून.

*

तात्पर्य : मुलाबाळांना घेऊन नव्या गावी जाण्याआधी ते गाव सुरक्षित आहे का याची कसून चौकशी करावी. आपण पोचल्यावर मग तशी चौकशी करण्याला फारसा अर्थ राहत नाही.